साचा कुणी बदलायचा?

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या माणसाला दोन-तीन मोसमांतच एक प्रश्न पडतो. कॉलेजात धुमाकूळ घातलेला, पुरस्कार मिळवलेला, मोठ्या गाजावाजाने संघात घेतलेला क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये आला की चाचपडताना का दिसतो? हात तोच, पाय तेच. मग दोन वर्षांपूर्वी सहज जमत होतं ते आता का जमू नये? आणि चौथ्या वर्षी तो दुसऱ्याच संघाच्या राखीव खेळाडूंत बसलेला दिसला की पुढचा प्रश्न येतो : चूक पोराची, की त्याला घेणाऱ्या संघाची?

"पोराला वेळच दिला नाही हो," हे यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते अर्धवट वाटतं. वेळ बऱ्याच जणांना मिळतो, तीन-तीन वर्षं मिळतो. त्या वेळात त्यांच्याकडून कोणता खेळ खेळवून घेतला, हे पाहायला हवं. त्यासाठी या प्रकरणात एकाच क्वार्टरबॅकची सात वर्षं बारकाईने पाहू : बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा लमार जॅक्सन, २०१८ ते २०२४. पण आधी खेळाची ओळख, गरजेपुरतीच.

१. पंचवीस सेकंद, आणि मग तीन

मैदान शंभर यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार. असं करत करत शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी आखलेली एक चाल, आणि जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात : शेजारच्या रनिंग बॅककडे चेंडू सोपवायचा, पुढे धावणाऱ्या रिसीव्हरकडे फेकायचा, किंवा स्वतःच घेऊन पळायचं.

एवढं ऐकून काम सोपं वाटेल. आता घड्याळ लावू. दोन चालींच्या मध्ये साधारण ४० सेकंद असतात. प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. म्हणजे पंचवीस सेकंदांत ऐकायचं, दहा जणांना सांगायचं, सगळे जागेवर उभे राहिलेत ना ते बघायचं. त्यानंतर समोरचा बचाव कसा उभा आहे, कोण अंगावर धावून येणार आणि कोण मागे सरकणार, याचा अंदाज बांधायचा. चेंडू हातात आल्यावर तर जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात पहिला रिसीव्हर मोकळा आहे का, नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा, असं क्रमाने पाहून फेकायचं. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं येत असताना.

कॉलेजात हे सगळं नसतं असं नाही, पण हलकं असतं. हेल्मेटमधला रेडिओ तिथल्या वरच्या गटात २०२४ साली आला. तोवर बहुतेक संघ मैदानाबाहेरून खुणा आणि फलक दाखवून चाल सांगत. बचाव पाहून चाल बदलायची असली तरी ती प्रशिक्षकच बदलायचे, पोरांनी मान वळवून नवी खूण बघायची. नियमांतही फरक आहे. चेंडू फेकण्याच्या चालीत पुढच्या फळीतल्या धिप्पाड लाइनमनना कॉलेजात तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे 'पळणार की फेकणार' हे शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवणं कॉलेजात जास्त सोपं. चेंडू जिथून खेळात येतो त्या मैदानावरच्या दोन खुणांच्या ओळी कॉलेजात एकमेकींपासून ४० फूट दूर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात त्यामुळे मैदानाची एक बाजू ऐसपैस मोकळी मिळते आणि चपळ पोरगा तिकडून सुसाट सुटतो. व्यावसायिक मैदानाचं माप तेच, पण ही मोकळी बाजू आक्रसते.

२. अडुसष्ट वजा सदुसष्ट

ओहायो स्टेट विद्यापीठात गाजलेल्या जस्टिन फील्ड्सला शिकागो बेअर्स संघाने २०२१ च्या निवडीत, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू घेतात त्या ड्राफ्टमध्ये, अकराव्या क्रमांकावर घेतलं. पाय वेगवान, हात दणकट. नेहमीच्या क्वार्टरबॅकला दुखापत झाली आणि २६ सप्टेंबर २०२१ रोजी क्लीव्हलंडमध्ये फील्ड्स पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. अख्ख्या सामन्यात २० वेळा फेकून ६ वेळा चेंडू जोडीदाराच्या हातात, एकूण ६८ यार्ड. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर त्याला सॅक म्हणतात, आणि तो जितके यार्ड मागे पडला तितके संघाच्या फेकीच्या खात्यातून वजा होतात. फील्ड्सला त्या दिवशी नऊ वेळा पाडलं, वजा झाले ६७ यार्ड. अडुसष्ट वजा सदुसष्ट : साठ मिनिटांच्या खेळात चेंडू फेकून बेअर्सनी कमावला एक यार्ड.

पोरगा घाबरला होता का? असेलही. पण त्या दिवशीची आखणी पाहिली तर दोष कुठे होता ते दिसतं. ज्याचे पाय हे सगळ्यात मोठं भांडवल त्याला बहुतेक वेळ एका जागी उभं ठेवलं, बाजूला धावत जाऊन फेकायच्या चाली फारशा दिल्या नाहीत, आणि समोर लीगमधल्या सर्वांत भेदक बचावपटूंपैकी एक, माइल्स गॅरेट, असतानाही लाइनमनच्या मदतीला जादा माणूस क्वचितच ठेवला. गॅरेटने एकट्याने साडेचार सॅक घेतले. पुढच्या आठवड्यात चाली सांगण्याचं काम दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेलं आणि बेअर्सनी डेट्रॉइटला २४-१४ असं हरवलं. खेळाडू तोच होता.

गोष्ट इथे संपवली तर मात्र ती फार गोड होईल. २०२२ मध्ये नव्या प्रशिक्षकांनी मोसमाच्या मध्यावर फील्ड्ससाठी पळण्याच्या चाली आखल्या, तो १,१४३ यार्ड धावला, आणि संघ १७ पैकी १४ सामने हरला. त्याला मोसमात ५५ वेळा पाडलं गेलं. खेळ मापाचा केला होता, पण त्याच्यापुढची फळी आणि त्याचे रिसीव्हर होते तसेच राहिले. एका माणसासाठी आखणी बदलायची तर बाकीच्या दहा जणांकडेही बघावं लागतं, हे पुढे बाल्टिमोरमध्ये अधिक स्पष्ट दिसेल.

३. बत्तिसावा

लमार जॅक्सन फ्लोरिडातल्या पॉम्पानो बीचचा. लुइव्हिल विद्यापीठाकडून खेळताना त्याने २०१६ साली हाइजमन ट्रॉफी जिंकली, कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा पुरस्कार. तरीही २०१८ च्या निवडीत त्याच्याआधी चार क्वार्टरबॅक गेले : बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा. जॅक्सन पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, बत्तिसावा. बिल पोलियन यांच्यासारख्या नामांकित जुन्या व्यवस्थापकाने तर या पोराने क्वार्टरबॅक होण्याचा नाद सोडून रिसीव्हर व्हावं, असं जाहीर मत दिलं होतं. पुढे त्यांनी आपलं चुकल्याचं मान्य केलं.

रेव्हन्सचे व्यवस्थापक ऑझी न्यूसम यांची पहिल्या फेरीतली ती शेवटची निवड. फिलाडेल्फियाशी देवाणघेवाण करून ते मुद्दाम बत्तिसाव्या जागेवर आले. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि संघाला पाचव्या वर्षाचा हक्क मिळतो. दुसऱ्या फेरीत तो मिळत नाही. जॅक्सनला चार वर्षांचे साधारण ९५ लाख डॉलर. क्वार्टरबॅकच्या बाजारात ही रक्कम किरकोळच. तरुण क्वार्टरबॅकना घाईने मैदानात का उतरवतात याचं निम्मं कारण इथे आहे. पोरगा स्वस्त असतो तोवरच उरलेला पैसा बाकीच्या संघावर खर्च करता येतो.

बाल्टिमोरकडे तेव्हा जो फ्लॅको होता. उंच, एका जागी उभा राहून लांब फेकणारा, संघाला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिलेला. सगळं आक्रमण त्याच्या बेताचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचा खुबा दुखावला. मध्ये एक आठवडा सुट्टीचा होता, म्हणजे तयारीला दोन आठवडे. १८ नोव्हेंबरला सिनसिनाटीविरुद्ध जॅक्सन सुरुवातीपासून उतरला आणि एकटा पंचवीसहून जास्त वेळा चेंडू घेऊन पळाला, शंभराहून जास्त यार्ड. क्वार्टरबॅकने सामन्यात इतक्या वेळा पळणं हे त्या काळात ऐकिवातही नव्हतं. रेव्हन्स २४-२१ जिंकले, आणि त्याच्यासह सातपैकी सहा सामने जिंकत बाद फेरीत पोचले.

ही तात्पुरती सोय होती. चालींच्या जुन्या चोपडीतलं जमेल तेवढं ठेवलं आणि उरलेल्या जागी त्याचे पाय घातले. बाद फेरीत लॉस एंजेलिस चार्जर्सनी जवळजवळ प्रत्येक चालीला सात चपळ बचावपटू उतरवले. जड माणसं बाहेर काढून वेगाला वेगाने उत्तर. जॅक्सनला सात वेळा पाडलं, रेव्हन्स १७-२३ हरले, घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. दुसऱ्या दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण होणार होती. इतक्या लहान वयात एनएफएलच्या बाद फेरीत आधी कुणी क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केली नव्हती.

इथे बहुतेक संघ म्हणाले असते, आता याला फ्लॅकोसारखं खेळायला शिकवा. मुख्य प्रशिक्षक जॉन हार्बॉ यांनी फ्लॅकोला डेन्व्हरला पाठवलं, आक्रमण सांभाळणारे मार्टी मॉर्नहिनवेग यांच्या जागी ग्रेग रोमन यांना नेमलं, आणि रोमननी चोपडी पहिल्या पानापासून नव्याने लिहायला घेतली. रोमन हे नाव रेव्हन्सच्या चाहत्यांना आधीच माहीत होतं. फेब्रुवारी २०१३ च्या सुपर बोलमध्ये ते समोरच्या सॅन फ्रान्सिस्कोचं आक्रमण सांभाळत होते, कॉलिन कॅपरनिक या पळणाऱ्या क्वार्टरबॅकसह, आणि रेव्हन्स तो सामना जेमतेम ३४-३१ जिंकले होते.

४. आठ जणांनी नऊ जणांना कसं अडवायचं?

आता या प्रकरणातला गाभा. थोडं गणित आहे, बोटांवर मोजण्याइतकं.

रेव्हन्सची एक नेहमीची मांडणी घेऊ. पुढे पाच लाइनमन. त्यांच्या कडेला दोन टाइट एंड, म्हणजे अडवूही शकणारे आणि चेंडू झेलूही शकणारे. मागे एक फुलबॅक, त्याचं मुख्य काम वाट मोकळी करणं. हे झाले आठ अडवणारे. उरले तिघे : क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि बाहेरच्या बाजूला एक रिसीव्हर. समोरच्या अकरांपैकी एक त्या रिसीव्हरवर, एक खोल मागे राखणीला. चेंडूजवळ उरले नऊ.

नेहमीच्या खेळात क्वार्टरबॅक रनिंग बॅककडे चेंडू सोपवतो आणि त्याचं काम संपतं. आठ जण आठांना अडवतात, नववा मोकळा राहतो आणि चेंडूवाल्याला पाडतो. अडवणारा नववा आणावा तर अकराची मर्यादा आहे. वर्षानुवर्षं यावर उत्तर एकच होतं : तुमचे आठ त्यांच्या आठांपेक्षा दांडगे असू द्या आणि रनिंग बॅकला नवव्याला चुकवता येऊ द्या.

पळणारा क्वार्टरबॅक हे गणितच बदलतो. त्या नवव्याला, बहुधा कडेला उभ्या असलेल्या बचावपटूला, मुद्दाम मोकळं सोडायचं. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. नजर नवव्यावर. तो रनिंग बॅककडे झेपावला तर चेंडू ओढून घेऊन त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः पळायचं. तो बाहेरच थांबला तर चेंडू सोडून द्यायचा आणि रनिंग बॅक आतून आठांच्या आडोशाने जाणार. नवव्याला कुणी हातही लावलेला नाही, तरी तो चालीतून बाद. या चालीला रीड ऑप्शन म्हणतात.

खो-खो खेळलेल्याला ही गंमत लगेच उमगेल. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत उलट फिरता येत नाही, आणि दिशा घेतली की नाही हे पंच त्याच्या खांद्यांवरून ठरवतात. म्हणून कसलेला पळणारा पाठलागवाल्याच्या पायांकडे बघत नाही, खांदे कधी वळतात याची वाट बघतो. खांदे वळले की हा दुसऱ्या बाजूला. जॅक्सनही नवव्याचे खांदेच वाचतो. फरक एवढाच की इथे उलट फिरायला नियमाची आडकाठी नाही, वेगाची आहे : सव्वाशे किलोचं शरीर एकदा झुकलं की अर्ध्या सेकंदात परत येत नाही, आणि जॅक्सनला अर्धा सेकंद पुरतो.

यासाठी पिस्टल नावाची मांडणी रोमन खूप वापरत. तीत क्वार्टरबॅक पुढच्या फळीपासून चारेक यार्ड मागे आणि रनिंग बॅक थेट त्याच्या पाठीमागे. बाजूला उभा राहिला तर तो कोणत्या दिशेने जाणार याचा सुगावा बचावाला लागतो. पाठीमागे असला की दोन्ही बाजू उघड्या. ही मांडणी नेव्हाडा विद्यापीठाच्या क्रिस ऑल्ट यांनी २००५ साली रुळवली. कॅपरनिक त्यांचाच शिष्य.

५. बाकीचे दहा

मापाचा खेळ म्हणजे पोराला सोपा खेळ, अशी एक समजूत आहे. रीड ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅकला पंचवीस सेकंदांतल्या गणिताऐवजी एका माणसाचे खांदे वाचायचे असतात, त्या अर्थी काम सोपं झालं खरं. पण तो सोपेपणा उभा करायला बाकी सगळा संघ बदलावा लागला.

बहुतेक संघ तेव्हा तीन रिसीव्हर पसरवून खेळत होते. रेव्हन्सनी उलट वाट धरली. अनुभवी रिसीव्हर जाऊ दिले आणि निक बॉयल, मार्क अँड्र्यूज, हेडन हर्स्ट असे तीन टाइट एंड कामाला लावले. फुलबॅक पॅट्रिक रिकार्ड तीनशे पौंडांवरचा गडी. तो मुळात बचावातला लाइनमन म्हणून आलेला, आणि २०१९ मध्ये दोन्ही बाजूंनी खेळत होता. न्यू ऑर्लिन्सहून रनिंग बॅक मार्क इन्ग्रम आणला.

आणि यातूनच फेकण्याची सोय झाली. इतके जड खेळाडू पाहून बचाव पुढे गोळा होतो. चेंडू रनिंग बॅकला दिल्यासारखं दाखवलं की मधले बचावपटू आणखी एक पाऊल पुढे येतात, आणि त्यांच्या पाठीमागे, मैदानाच्या मधोमध, दहा-पंधरा यार्डांवर मोकळी जागा तयार होते. अँड्र्यूज तिथे पोचलेला असतो. कडेच्या रेषेजवळच्या लांब फेकीपेक्षा ही फेक जवळची, आणि ती जॅक्सनला आधीपासून चांगली जमे. पाय फार जवळ ठेवून फेकायची त्याची सवय मोडण्यावरही काम झालं. आदल्या वर्षी त्याच्या शंभर फेकींपैकी ५८ जोडीदाराच्या हातात पडत, २०१९ मध्ये ६६ पडल्या.

पहिल्याच सामन्यात मायामीविरुद्ध ५९-१०, आणि जॅक्सनचे टचडाउनचे पाच पास. वर्षअखेर १४ विजय, २ पराभव. संघ एकूण ३,२९६ यार्ड धावला. १९७८ पासून न्यू इंग्लंडच्या नावावर असलेला विक्रम मोडला. जॅक्सन स्वतः १,२०६ यार्ड धावला, मायकल विकचा क्वार्टरबॅकचा विक्रम मागे पडला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे टचडाउनच्या ३६ पासांसह तो फेकण्यातही लीगमध्ये पहिला आला. सर्वोत्तम खेळाडूचा मान सगळ्याच्या सगळ्या मतांनी मिळाला. तोवर असा एकमताचा मान फक्त टॉम ब्रेडीला मिळाला होता.

त्या वर्षीचा एक प्रसंग मला आकड्यांपेक्षा बोलका वाटतो. सिॲटलमध्ये चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत, रेषा आठ यार्डांवर. साधा, सुरक्षित उपाय म्हणजे पायाने चेंडू मारून तीन गुण घेणं. हार्बॉंनी बावीस वर्षांच्या पोराला विचारलं, जायचंय का? त्याने होकार दिला आणि स्वतः चेंडू घेऊन आठ यार्ड धावत टचडाउन केला.

जॅक्सनच्याच निवडीत सातव्या क्रमांकावर गेलेल्या जॉश ॲलनचं काय झालं, हे थोडक्यात. बफलोमध्ये पहिल्या वर्षी त्याच्या शंभरातल्या ५३ फेकी कशाबशा बरोबर जात. नेम उपजत असतो, शिकवून येत नाही, असं तेव्हा जाणकारही म्हणत. दुसऱ्या वर्षी ५९. तिसऱ्या वर्षी संघाने स्टेफन डिग्जसारखा अव्वल रिसीव्हर आणला आणि पोराच्या हातावर विश्वास टाकून पहिल्या प्रयत्नापासून फेकायला लावलं : ६९. बाल्टिमोरच्या अगदी उलटी वाट, आणि तीही पोचली.

६. मागे पडल्यावर

जानेवारी २०२० मध्ये टेनेसी टायटन्स बाल्टिमोरला आले. कसेबसे बाद फेरीत शिरलेले, ९ विजयांचा संघ. रेव्हन्स दोनदा चौथ्या प्रयत्नात एका यार्डासाठी अडले आणि लवकरच पिछाडीवर गेले. पिछाडीवर गेलं की घड्याळ शत्रू होतं, कारण पळण्याच्या चालींत वेळ जातो. वर्षभर आघाडीवर राहून खेळलेल्या संघाला आता फेकत सुटावं लागलं. जॅक्सनने ५९ वेळा फेकलं. १२-२८ असा पराभव.

मापाचा खेळ ज्या गोष्टींपासून पोराला वाचवतो, त्या त्याला शिकायला मिळत नाहीत. हे दुखणं नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडं पडलं. मायामीने चाल दर चाल जादा माणसं थेट जॅक्सनच्या अंगावर सोडली, मागे राखणीला कुणीच नाही. यावर उपाय जुना आणि माहीत असलेला : चेंडू येण्याआधीच ते ओळखायचं, चाल जागच्या जागी बदलायची आणि पटकन जवळच्या मोकळ्या माणसाला फेकायचं. रोमनच्या चोपडीत अशा झटपट फेकी कमी, आणि रेषेवर उभं राहून चाल बदलण्याची मोकळीकही कमी. रेव्हन्स १०-२२ हरले.

२०२१ आणि २०२२ ही दोन्ही वर्षं डिसेंबरात दुखापतीने तुटली, एकदा घोटा, एकदा गुडघा. लगेच 'पळणाऱ्याचं असंच होणार' अशी चर्चा झाली. प्रत्यक्षात घोटा गेला तो बाजूला जाऊन चेंडू फेकताना, गुडघा गेला तो सॅकमध्ये. दोन्ही फेकण्याच्या चाली. पळताना फटका कुठून येणार हे पळणाऱ्याला बहुधा दिसतं. फेकणाऱ्याची नजर दूर रिसीव्हरवर असते.

७. हेन्री आल्यावर

२०२३ च्या सुरुवातीला रोमन गेले आणि लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाचे आक्रमण-प्रशिक्षक टॉड मंकन आले. जॅक्सनचा नवा करार पाच वर्षांचा, २६ कोटी डॉलरचा झाला. पहिल्या फेरीत झे फ्लॉवर्स हा चपळ रिसीव्हर निवडला, मैदानावर रिसीव्हरांची संख्या वाढली. आणि रेषेवर उभं राहून चाल बदलायचा अधिकार जॅक्सनला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मिळाला. पाच वर्षांपूर्वी हा अधिकार दिला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज क्लीव्हलंडमधल्या त्या एका यार्डावरून बांधता येईल. आता तो बचाव ओळखू लागला होता, कारण मधल्या काळात त्याने जिंकत जिंकत सत्तरेक सामन्यांतले बचाव पाहिले होते. वर्षअखेरीस मायामी पुन्हा समोर आली, प्रशिक्षक बदललेले. ५६-१९, टचडाउनचे पाच पास. दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडूचा मान.

पण लंबक दुसऱ्या टोकाला जाणं हाही धोका असतोच. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध उपांत्य लढतीत, त्या मोसमात धावून सर्वाधिक यार्ड मिळवणाऱ्या रेव्हन्सनी आपल्या रनिंग बॅकना अख्ख्या सामन्यात मिळून सहा वेळा चेंडू दिला. १०-१७ हार. नवं शिकलेलं दाखवायच्या नादात जुनं हातचं सोडलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

त्यावरचा उपाय टेनेसीतून आला. २०२० च्या त्या बाद फेरीत रेव्हन्सना १९५ यार्ड धावून चिरडणारा डेरिक हेन्री रनिंग बॅक म्हणून बाल्टिमोरला आला. तीस वर्षांचा, या जागेवरचे खेळाडू या वयात बहुधा उतरणीला लागलेले असतात. २०२४ मध्ये जॅक्सनने ४,१७२ यार्ड फेकले, टचडाउनचे ४१ पास दिले, चेंडू समोरच्यांच्या हातात पडला फक्त चार वेळा. एका मोसमात चार हजार यार्ड फेकणारा आणि नऊशे धावणारा तो पहिलाच खेळाडू. धावला मात्र १३९ वेळा, सामन्यामागे जेमतेम आठ. त्याला आता रोज पळावं लागत नव्हतं, तो पळू शकतो एवढी भीती पुरत होती. चेंडू हेन्रीकडे गेला तरी कडेच्या नवव्या माणसाला जॅक्सनला सोडून आत जाता येईना. टेनेसीतल्या शेवटच्या वर्षी हेन्री एका धावेमागे सरासरी ४.२ यार्ड मिळवत होता. बाल्टिमोरमध्ये पहिल्या वर्षी ५.९.